पट्टी सोडल्यानंतर

'मोतीबिंदू' हा शब्द किती देखणा आहे पाहा. ज्या दुखण्याने माणसाची नजर जाते त्याला आपण मोत्याचं नाव दिलं. युरोपातल्या लोकांनी त्याच दुखण्याला धबधबा म्हटलं. 'कॅटरॅक्ट' म्हणजे मुळात धबधबाच. डोक्यातून कसलासा द्रव खाली उतरतो आणि बाहुलीच्या मागे पडद्यासारखा साचतो, अशी तिकडची जुनी समजूत होती. आपण जे दिसलं तेवढंच सांगितलं, त्यांनी कारणही सांगितलं आणि ते चुकीचं निघालं. (हा माझा आपला मराठीचा अभिमान, फार मनावर घेऊ नका :-)) डोळ्यात बाहेरून काही येऊन साचत नाही, आपलं स्वतःचंच भिंग गढूळ होतं, ही गोष्ट तिकडे सर्वमान्य व्हायला अठरावं शतक उजाडावं लागलं.

आता या वयात मी हे सगळं का वाचत बसले, ते सांगते. आमचे धाकटे भावजी. (नात्यातल्या मंडळींना कोण ते कळलंच असेल!) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून चार महिने झाले, पण हे तयारच होईनात. कारण काय, तर सहीसाठी दिलेला कागद. त्यावर काय काय होऊ शकतं याची यादी होती: जंतुसंसर्ग, रक्तस्राव, मागचा पडदा सुटणं, बुबुळाला सूज येणं, डोळ्यातला दाब वाढणं, क्वचित दृष्टी कायमची जाणं. भावजींची सारी नोकरी हिशेबखात्यात गेलेली. मला म्हणाले, "वहिनी, डॉक्टर म्हणतात असं हजारात एखाद्याचंच होतं. पण तो एक मीच निघालो तर माझ्यापुरतं ते शंभर टक्केच की!"

याला काय उत्तर द्यायचं? मी शाळेत इतिहास शिकवला, डॉक्टरी नाही. पण मला वाटलं, ही यादी करायला सुरुवात कुणी केली ते तरी बघावं. बघायला गेले आणि त्यात चांगलीच अडकले.

सुरुवात अर्थात सुश्रुतापासून. उत्तरतंत्रात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे. टोक जवाच्या दाण्यासारखं असलेली शलाका. डाव्या डोळ्याला उजवा हात वापरायचा आणि उजव्या डोळ्याला डावा. रोग्याने आपल्या नाकाच्या शेंड्याकडे बघत राहायचं. झाल्यावर तुपाची पट्टी बांधायची, उताणं निजायचं, आणि शिंक, खोकला, ढेकर, थुंकणं सगळं वर्ज्य. यात भिंग बाहेर काढत नसत, ते बाहुलीसमोरून बाजूला ढकलून डोळ्यातच खाली पाडत. वाट मोकळी झाली की उजेड आत येतो आणि माणसाला तिथल्या तिथे बोटं मोजता येतात. भिंग गेल्यामुळे दिसतं धूसरच, पण ज्याला काल काहीच दिसत नव्हतं त्याला तो चमत्कारच वाटणार.

मला विशेष वाटलं ते याच्या पुढचं. शलाका चुकीच्या जागी लागली तर काय होतं, तीच खरबरीत किंवा बोथट असली तर काय होतं, हेही सुश्रुताने सांगितलंय. रक्त येणं, वेदना, सूज, लाली, आणि त्यावरचे उपाय. म्हणजे भावजींच्या कागदाचा पूर्वज दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा निघाला!

मग पुढे घोडं कुठे अडलं? ही विद्या पोथीतून निघून पायी हिंडणाऱ्यांच्या हाती गेली. आपल्याकडेही गेली, युरोपातही गेली. गावात यायचं, सुई घालायची, माणसाला दिसतंय हे चार लोकांना दाखवायचं, पैसे घ्यायचे आणि पुढच्या गावी जायचं. डोळ्यात पडलेलं भिंग तसंच राहायचं. काहींना ते काही वर्षं त्रास देत नसे. पण पुष्कळांना आठवड्याभरात पू व्हायचा, नाहीतर काही महिन्यांत दाब वाढून डोळा कायमचा जायचा. तोवर सुईवाला तीन जिल्हे पार गेलेला असे. त्याने पाहिलेले सगळे रोगी बघणारेच होते, कारण आंधळे झालेले त्याला कधी भेटलेच नाहीत. तो लबाडच होता असं म्हणायची गरज नाही. त्याच्याकडे दुसऱ्या दिवसाची माहितीच नव्हती.

युरोपातला या जातीचा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे इंग्लंडचा जॉन टेलर. स्वतःला 'शेवालिए' म्हणवून घ्यायचा. गाडीवर डोळ्यांची चित्रं रंगवलेली, आणि ऑपरेशनच्या आधी लांबलचक भाषण. पट्टी काही दिवस सोडू नका असं सांगून, ती सुटायच्या आत हा गावाबाहेर पडलेला असे, असं त्याच्याबद्दल सांगतात. थोर संगीतकार बाख याच्यावर लायप्झिगमध्ये १७५० सालच्या मार्च-एप्रिलमध्ये या टेलरने दोनदा शस्त्रक्रिया केली. बाख पूर्ण आंधळा झाला, आजारी पडला आणि २८ जुलै १७५० ला वारला. पुढे १७५८ मध्ये हेंडेल हा दुसरा मोठा संगीतकारही टेलरकडे गेला. त्यालाही नजर परत आली नाही. एकाच माणसाच्या हातून असे दोन गेले, पण टेलरच्या आत्मचरित्रात तुम्हाला पश्चात्ताप सापडणार नाही.

त्याच सुमाराला फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल नावाचा सर्जन होता. तोही आधी सुईनेच भिंग पाडायचा. एका रोग्याच्या बाबतीत ते नीट जमेना, तुकडे पुढे आले, तेव्हा त्याने बुबुळ कापून ते बाहेर काढले. ही १७४५ ते १७४७ च्या दरम्यानची गोष्ट. त्यातून त्याला सुचलं की मुळातच भिंग बाहेर का काढू नये? म्हणजे बिघडलेल्या ऑपरेशनमधून नवं ऑपरेशन जन्माला आलं. भूल नाही, टाका नाही, रोगी जागा! (डोळा बधिर करायला कोकेनचे थेंब आले ते १८८४ मध्ये, व्हिएन्नाच्या कार्ल कोलरमुळे.) पण दाव्हिएलचं मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत वाटतं. त्याने शंभरावर ऑपरेशनांचा हिशेब पॅरिसच्या सर्जनांच्या अकादमीपुढे मांडला. इतकी केली, इतकी साधली. उरलेली फसली, हे त्यात आपोआप आलं. टेलर आणि दाव्हिएल यांच्या हातात कोण जास्त सफाईदार होता हे आज सांगता येणार नाही, पण दुसऱ्याने वही ठेवली.

वहीवरून आठवलं, आपल्या तंजावरचे सरफोजी राजे! दुसरे सरफोजी, कारकीर्द १७९८ ते १८३२. तुळजाजींनी दत्तक घेतलेले, श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे, एवढं आपण शाळेत शिकवतो. पण त्यांना डोळ्यांच्या रोगांत खास रस होता हे मी तरी वर्गात कधी शिकवलं नव्हतं, कारण पुस्तकात नव्हतं. त्यांच्या वेळच्या डोळ्यांच्या रुग्णांचे कागद तंजावरला जपलेले आहेत. तक्रार काय, केलं काय, गुण आला की नाही. आणि त्यासोबत रोगी डोळ्यांची रंगीत चित्रं! कॅमेरा नव्हता, म्हणून चित्रकाराला बसवला. मराठी राजाचा दरबार, तमिळ मुलूख, इंग्रजी वैद्यक आणि आपली धन्वंतरी महालातली औषधं, असा तो सगळा मेळ. राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतल्यावर राजाने रिकाम्या वेळात काय करावं याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. असो, विषयांतर झालं.

इकडे सुईची पद्धत विसाव्या शतकातही चालूच होती. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी असे बिघडलेले डोळे जमवले, कापून तपासले, आणि १९१८ मध्ये त्यावर एक ग्रंथच लिहिला. आत भिंग कुठे पडलंय, पडदा कसा सुटलाय, सगळं त्यात आहे. वाचताना भारतीय वैद्याबद्दलचा साहेबी तिरस्कार मधूनमधून जाणवतो. आणि एक शंकाही येते. ज्यांचा डोळा बरा राहिला ते सरकारी इस्पितळात कशाला येतील? सुईवाल्याला फक्त बरे झालेले दिसायचे, एलियट साहेबांना फक्त बिघडलेले. दोघांच्याही समोर अर्धीच वही! तरी एलियट यांनी डोळा उघडून आत काय झालं ते दाखवलं, हे मोठं काम आहेच.

आता येते ती या सगळ्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. दुसरं महायुद्ध, १५ ऑगस्ट १९४०. (हो, तारीख तीच, आपलं स्वातंत्र्य अजून सात वर्षं लांब.) एका ब्रिटिश वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्या लागल्या, वरचं पारदर्शक छप्पर फुटलं आणि त्याचे कपचे त्याच्या डोळ्यांत घुसले. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत लंडनचे हॅरल्ड रिडली होते. त्यांच्या लक्षात आलं की एरवी डोळ्यात बाहेरचं कुसळ गेलं तरी डोळा लालभडक होतो, पण हे प्लॅस्टिकचे कपचे आत राहूनही डोळा शांत आहे. काही वर्षांनी एका विद्यार्थ्याने मोतीबिंदूचं ऑपरेशन बघताना त्यांना विचारलं, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का नाही बसवत? (विद्यार्थ्यांचे असले 'अडाणी' प्रश्न मला नेहमी आवडत आले आहेत.) रिडली यांनी त्याच प्लॅस्टिकचं भिंग करून घेतलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ ला सेंट थॉमस इस्पितळात, फारसा गाजावाजा न करता, पहिली शस्त्रक्रिया केली. भिंग कायमचं बसलं ते दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी १९५० मध्ये.

आणि नंबर साफ चुकला! नैसर्गिक भिंगाचा आकार त्यांनी उचलला, पण प्लॅस्टिक प्रकाशाला जास्त वाकवतं. त्या बाईंना वीसच्याही पुढचा मायनस नंबर लागला. पुढचं भिंग सुधारून केलं. १९५१ च्या जुलैत ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडली आपले रुग्ण घेऊन गेले, तेव्हा इंग्लंडमधल्या नेत्रवैद्यांचे अध्वर्यू सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर यांनी रुग्णांना तपासून पाहायलाही नकार दिला. डोळ्यातून वस्तू बाहेर काढायच्या असतात, आत घालायच्या नसतात, असं त्या काळचं शास्त्र.

गोष्टीत सांगायला हे सोपं आहे, एकटा शहाणा आणि बाकी सगळे हेकट. पण तसं नव्हतं. रिडली यांचं भिंग जड होतं, काहींच्या डोळ्यात ते जागेवरून घसरलं. सूज आली, दाब वाढला. भिंग ज्या औषधात बुडवून निर्जंतुक करत, त्याचाच अंश आत जाऊन डोळा चिडत असावा, हे पुढे उमगलं. बारा-पंधरा वर्षांत बसवलेल्या सुमारे हजार भिंगांपैकी अंदाजे १५ टक्के काढावी लागली. इतरांनी भिंग बाहुलीच्या पुढे बसवून पाहिलं. ते घालायला सोपं, पहिली दोन-तीन वर्षं छान. नंतर बुबुळाच्या आतल्या पेशी मरायला लागल्या, आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. बार्सिलोनाचे नामवंत सर्जन बाराकेर यांना आपल्या हाताने बसवलेली जवळजवळ निम्मी भिंगं पुन्हा काढावी लागली. पण त्यांनी तो आकडा लपवला नाही, जगासमोर ठेवला. टेलर असता तर?

म्हणजे ड्यूक-एल्डर यांची भीती पोकळ नव्हती. चूक एवढीच की त्यांनी रुग्ण बघितले नाहीत. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेत असंही आढळलं की एका प्रकारच्या भिंगाच्या ओबडधोबड कडा बाहुलीभोवतीच्या पडद्याला घासून रक्त, सूज आणि दाब ही तिन्ही दुखणी आणतात. कुणी मोजलं, कुणी कडा गुळगुळीत केल्या, कुणी भिंगाला बारीक लवचीक तारांचे पाय लावले. १९७७ च्या सुमाराला भिंग पुन्हा बाहुलीच्या मागे, म्हणजे रिडली यांनी ठेवलं होतं तिथेच, गेलं. आज आपल्या डोळ्यात असतं ते या सगळ्या रद्द झालेल्या भिंगांचं वारसदार. रिडली यांना २००० साली 'सर' ही पदवी मिळाली, तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. दुसऱ्या वर्षी ते गेले. त्याआधी त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत अशी भिंगं बसली होती.

आपल्याकडे मात्र १९७० ते ९० या काळात भिंगाशिवायचंच ऑपरेशन चाले. तुमच्यापैकी पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतच नेत्रशिबिर भरायचं, बाकं भिंतीला लावून वर्गात सतरंज्या पसरायच्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. 'मोतीबिंदू पिकू द्या' असं जे म्हणायचे तेही या जुन्या पद्धतीमुळेच. पिकलेलं भिंग काढायला सोपं, आणि नंतर जाड चष्माच नशिबी असल्यामुळे थोडं दिसत असताना ऑपरेशन करण्यात फायदा नसे. आजही लोक पिकायची वाट बघतात आणि डोळा अवघड करून घेतात.

चाळीसेक दिवसांनी जाड चष्मा मिळे. आमच्या सासूबाईंना असाच मिळाला. एका शिबिरात बहुतेकांना एकाच नंबरचा तयार चष्मा वाटला होता. त्यातून वस्तू पाव पटीने मोठी आणि जवळ दिसते, कडेचं काहीच दिसत नाही. सासूबाई चहाच्या कपाला हात लावायला जायच्या आणि हात अलीकडेच थांबायचा. पायरी उतरताना त्या भिंत धरून, एक पाय पुढे करून चाचपायच्या. चष्मा फुटला की पुन्हा अंधार. सरकारदरबारी हे ऑपरेशन 'यशस्वी' म्हणून नोंदलेलं असणार, कारण डोळा गेला नव्हता. त्यांना विचारायला मात्र कुणी आलं नाही.

तामिळनाडूत मदुराईला ते विचारलं गेलं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना! तिथे सुमारे ३४०० रुग्ण घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला जुनं ऑपरेशन आणि जाड चष्मा, दुसऱ्याला भिंग. मग वर्षभर पाठपुरावा. किती ओळी वाचता येतात एवढंच नाही, तर रोजची कामं जमतात का, चालता-फिरताना अडतं का, हेही विचारलं. १९९८ मध्ये निष्कर्ष आले: भिंगवाल्यांची दृष्टीही चांगली आणि जगणंही. गरिबांसाठी जुनंच बरं, भिंगात धोका जास्त, असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. भिंग महाग म्हणावं तर त्यांनी १९९२ पासून ते मदुराईतच बनवायला घेतलं होतं, परदेशी किमतीच्या लहानशा भागात. जागतिक बँकेच्या मदतीने १९९४ मध्ये सुरू झालेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्रही होता, आणि त्यानंतर आपल्या सरकारी दवाखान्यांतूनही भिंगं बसू लागली. सासूबाई तोवर गेल्या होत्या.

आता राहिला भावजींचा तो एक. त्यांना सगळ्यात भीती होती जंतुसंसर्गाची, कारण त्यात डोळा दोन-चार दिवसांत जाऊ शकतो. युरोपात २००३ पासून १६ हजारांवर रुग्णांवर एक अभ्यास झाला. ऑपरेशन संपताना डोळ्यातच प्रतिजैविकाची सूक्ष्म मात्रा सोडली तर फरक पडतो का? २००६ मध्ये तो मुदतीआधी थांबवावा लागला, कारण औषध न मिळालेल्या गटात संसर्ग जवळजवळ पाचपट दिसत होता. पुढे अरविंदनेच आपल्या सहा लाखांवर ऑपरेशनांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये सांगितलं, की औषध सुरू करण्याआधी १० हजारांत ७ डोळ्यांना संसर्ग व्हायचा, नंतर २.

हे मी भावजींना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे वहिनी, हजारात एक नाहीच." म्हटलं, नाहीच. मग त्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. हे औषध तुम्ही देता का, तुमच्या स्वतःच्या गेल्या वर्षीच्या ऑपरेशनांत असं किती जणांना झालं, आणि झालंच तर रात्री फोन कोण उचलतं? डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत. संगणकावर बघून आकडा सांगितला. उजवा डोळा झाला, डावा पुढच्या महिन्यात आहे.

तुमच्या घरी कुणाचं व्हायचं असेल तर तिसरा प्रश्न विसरू नका. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात डोळा दुखायला लागला, लाल झाला किंवा काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसलं, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी जायचं. तपासणीच्या तारखा कार्डावर असतात त्या चुकवायच्या नाहीत, डोळा अगदी ठणठणीत वाटत असला तरी.